लुणी खोऱ्याचा एनडीव्हीआय वाढतोय, पण वाढलंय नेमकं काय?

गणेशखिंड_जीआयएस

नमस्कार मंडळी, मी पुण्यात जिओइन्फर्मॅटिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि प्रोजेक्टला राजस्थानातलं लुणी नदीचं खोरं घेतलंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही नदी अजमेरजवळ अरवलीत उगम पावते, साधारण ४९५ किमी वाहते आणि समुद्राला न मिळता कच्छच्या रणात जिरून जाते, बालोतरापर्यंत पाणी गोडं आणि पुढे खारं, आणि वर्षातला बराच काळ पात्रात नुसती वाळू. सॅटेलाइट डेटावरून २००० पासून आत्तापर्यंत खोऱ्याच्या इकॉलॉजीत काय बदल झाला ते बघायचं असा विषय आहे.

आत्तापर्यंत केलंय ते असं की मोडिस या उपग्रहावरच्या सेन्सरचा २५० मीटरचा एनडीव्हीआय (झाडोरा किती हिरवा ते सांगणारा आकडा) घेतला, प्रत्येक वर्षाची सरासरी काढली आणि पिक्सेलनिहाय, म्हणजे चित्रातल्या एकेका चौकोनासाठी, ट्रेंड लावला, तर जवळपास सगळं खोरं हिरवं, म्हणजे ट्रेंड वाढता. मग लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांवरून आरएसईआय पण काढला (हिरवेपणा, ओलावा, उष्णता आणि कोरडेपणा हे चार घटक एकत्र करून येणारा इंडेक्स, चीनमधल्या कोरड्या खोऱ्यांवरच्या पेपरमध्ये तो सारखा दिसतो), त्यातही सुधारणाच आली. पण त्याच जिल्ह्यांच्या भूजलाचे रिपोर्ट वाचले तर पाणी खोल खोल चाललंय. गाईड मॅडमनी नकाशा बघून एकच विचारलं, "हिरवं झालं म्हणजे नेमकं काय उगवलं ते सांग", आणि ते मला नकाशावरून सांगता येत नाहीये. खोऱ्याचं पर्यावरण सुधारलं असं लिहायला हात धजावत नाही. कोणी कोरड्या भागात काम केलं असेल तर प्लीज सांगा पुढे काय करू.

पिक्सेल_पाषाण

शंका आली हे फार चांगलं झालं, कारण हा प्रश्न फक्त लुणीचा नाहीये. २०१९ मध्ये नेचर सस्टेनॅबिलिटीत मोडिसवर आधारित एक मोठा अभ्यास आला होता, २००० ते २०१७ मध्ये जगात जी हिरवाई वाढली त्यात चीन आणि भारत सगळ्यात पुढे, तेव्हा त्याच्या बातम्या पण खूप झाल्या, पण त्याच अभ्यासात लिहिलंय की भारतातली ८२ टक्के वाढ शेतीतून आलीय आणि जंगलातून जेमतेम ४ टक्के. म्हणजे तुझा नकाशा खोटा आहे असं नाही, वाढ झालेली असणारच, फक्त ती कशाची हे वेगळं काढल्याशिवाय तिला सुधारणा म्हणता येत नाही.

सगळ्यात आधी वार्षिक सरासरी सोड. ती म्हणजे आमटी, कोशिंबीर आणि ताक एकाच पातेल्यात ओतून चव विचारणं. कोरड्या खोऱ्यात कुठल्या महिन्यात हिरवं आहे यावरच सगळं अवलंबून असतं. सप्टेंबरमध्ये पावसावरचं सगळं वर असतं, बाजरी, मटकी, गवार, रानातलं गवत. जानेवारी-फेब्रुवारीत जे दाट हिरवं दिसतं ते बहुतेक पाणी दिलेलं, म्हणजे रब्बी, म्हणजे बोअर नाहीतर कॅनॉल. आणि मेमध्ये शेतं रिकामी, गवत वाळलेलं, तेव्हा जे हिरवं उरतं ते खोल मुळांचं झाडझुडूप. या तीन महिन्यांचे तीन वेगळे ट्रेंड काढ आणि लाल, हिरवा, निळा असे एकत्र दाखव, कुठल्या पिक्सेलमध्ये काय वाढलं ते रंगावरूनच कळायला लागेल. आणि मोडिसचा एक पिक्सेल म्हणजे सव्वासहा हेक्टर, नदीकाठची झाडोऱ्याची पट्टी कितीतरी ठिकाणी त्यापेक्षा अरुंद असते, त्यामुळे काठासाठी लँडसॅटचे ३० मीटर किंवा सेंटिनेल-२ उपग्रहाचे १० मीटर लागणारच.

मग पाऊस. तुझी सिरीज २००० ला सुरू होते आणि २००२ चा मान्सून देशभर दुष्काळी, राजस्थानला तर फारच वाईट गेला, उलट जुलै २०१७ मध्ये जालोर-पालीकडे पूर आले. सुरुवात कोरडी आणि पुढची वर्षं ओली असली की जमिनीत काहीच बदललं नाही तरी रेषा वर जाते. त्यासाठी चर्प्स या डेटासेटचा पाऊस घे (१९८१ पासूनचा आहे, पिक्सेल साधारण साडेपाच किमीचा), प्रत्येक पिक्सेलसाठी हिरवाई आणि पाऊस यांचं नातं बसव, आणि पावसावरून उलगडत नाही तो जो भाग उरतो त्याचा ट्रेंड बघ. याला रेसट्रेंड म्हणतात. उरलेला भाग वर्षागणिक घसरत असेल तर तेवढ्याच पावसात जमिनीतून आधीपेक्षा कमी उगवतंय, आणि जमीन खराब होत असल्याची ही खूण नुसत्या एनडीव्हीआयपेक्षा कितीतरी भरवशाची आहे. फक्त ओलिताच्या पिक्सेलवर हे लावू नकोस, तिथे हिरवाई पावसावर अवलंबूनच नसते. फेब्रुवारीच्या नकाशावरून ओलीत आधी बाजूला काढ आणि मग उरलेल्या भागावर रेसट्रेंड चालव.

मारवाडातला_मराठी

मी पुण्याचाच, पण नोकरीमुळे बरीच वर्षं जोधपूरला काढली, लुणीच्या काठाने भरपूर फिरलोय, म्हणून लिहितो. वरचं मे महिन्याचं म्हणणं बरोबर आहे पण त्यात एक मेख आहे. मेमध्ये तिथे मुख्यतः दोन झाडं हिरवी असतात आणि दोघांचा अर्थ एकदम उलटा.

एक खेजडी, म्हणजे आपली शमी. ऐन उन्हाळ्यात तिला नवी पालवी येते, सांगरीच्या शेंगा धरतात, शेतात सुटी सुटी उभी असते आणि तिच्याखाली बाजरी चांगली येते म्हणून शेतकरी तिला जपतात. दुसरी विलायती बाभूळ, आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणतात ती. ही अमेरिका खंडातली, भारतात एकोणिसाव्या शतकात आणली, १९४० मध्ये तर जोधपूर संस्थानाने तिला शाही झाडाचा दर्जा दिला होता, आणि आता नदीपात्र, गायरान, तलावाचं पोट, जिथे म्हणून मोकळी जागा मिळेल तिथे ती घुसलीय. बालोतराच्या खाली पात्राच्या कडेला काही ठिकाणी माणूस आत शिरू शकत नाही इतकी गच्च आहे, काटा बुटाचा तळवा फोडून वर येतो आणि खाली बघाल तर गवताची काडी नाही, मेंढरांना तिथे काहीच मिळत नाही. वरून बघणाऱ्या उपग्रहाला मात्र ते चांगलं दाट जंगल.

दोघांना वेगळं करायला एक गोष्ट उपयोगी पडेल. खेजडीचा पाला (तिकडे लूंग म्हणतात) हिवाळ्यात जनावरांसाठी उतरवतात, झाडाचा नुसता खराटा राहतो, त्यामुळे जिथे रब्बी नाही अशा शेतात जानेवारीत सिग्नल खाली आणि मेमध्ये थोडा वर असं दिसायला हवं. विलायती बाभूळ दोन्ही महिन्यांत हिरवी. शिवाय खेजडी विरळ, ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये एखाददुसरं झाड, आणि बाभूळ सलग पट्ट्यात. रब्बीची शेतं आधी काढून टाकलीस तरच हे जमेल, नाहीतर जिरं आणि बाभूळ यांची सरमिसळ होईल.

अजून एक. सांचोरकडे २००८ मध्ये नर्मदेच्या कॅनॉलचं पाणी पोचलं. त्या पट्ट्यात ट्रेंड सरळ रेषेसारखा नसेल, पायरीसारखा असेल, आणि सगळ्या वर्षांना एकच रेषा बसवलीस की पायरी झाकली जाते, म्हणून तिथे आधीचं आणि नंतरचं वेगळं बघ. आणि तुलनेसाठी ओरण शोध, ओरण म्हणजे त्यांच्या देवराया, देवाच्या नावाने राखलेलं रान, तिथे नांगर लागत नाही. काही ओरणांतही बाभूळ शिरलीय हे खरं, पण जी बरी आहेत त्यांचा ट्रेंड शेजारच्या शेताच्या ट्रेंडशेजारी ठेवलास तर पाऊस दोघांचा सारखाच, मग जो फरक दिसेल तो माणसाने केलेला.

आणि पालीजवळच्या बांडी नदीचं काय करणार ते ठरव. कापड रंगवण्याच्या धंद्याचं पाणी वर्षानुवर्षं तिच्यात गेलंय, काठ हिरवा दिसेल पण विहिरीचं पाणी पिण्यालायक नाही. हे कुठल्याच इंडेक्समध्ये येत नाही, रिपोर्टमध्ये तसं स्पष्ट लिहावं लागेल.

विहीरकाका

भूजलात नोकरी केली, आता निवृत्त, कोथरूडला असतो. तुझे रिपोर्ट आणि तुझा नकाशा यांत विरोध नाहीये गं, दोन्ही एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत. राजस्थानात दरवर्षी जेवढं भूजल वापरायला उपलब्ध होतं त्याच्या १५० टक्क्यांच्या आसपास उपसा होतो, केंद्रीय भूजल मंडळाचेच आकडे आहेत. म्हणजे फेब्रुवारीतलं बरंचसं हिरवं हे जुन्या साठ्यातून काढलेल्या पाण्यावरचं. तालुकानिहाय फेब्रुवारीचं हिरवं क्षेत्र आणि त्याच तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींची पावसाळ्याआधीची पातळी एकाच आलेखावर काढ. मंडळ वर्षातून चारदा पातळी मोजतं, इंडिया-डब्ल्यूआरआयएसवर डेटा मिळतो, मधली काही वर्षं गायब असतात पण ट्रेंड कळण्याइतपत असतं. हिरवं वर आणि पाणी खाली असं जिथे दिसेल तिथे 'सुधारणा' हा शब्द खोडून टाक.

ग्रेसबद्दल कोणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगतो. त्या उपग्रहांनी गुरुत्वाकर्षणातल्या बदलावरून दाखवून दिलं की २००२ ते २००८ मध्ये राजस्थान, पंजाब, हरियाणा आणि दिल्ली मिळून १०९ घन किमी भूजल कमी झालं, कामाचं महत्त्व वादातीत. पण त्यांना काहीशे किमीपेक्षा बारीक दिसत नाही आणि लुणीचं खोरं साधारण ३७ हजार चौ. किमी, त्यामुळे खोऱ्याच्या आतला नकाशा ग्रेसवरून काढू नकोस, परीक्षक पहिल्यांदा तिथेच पकडेल.

तू चीनमधल्या खोऱ्यांचा उल्लेख केलास म्हणून तारीम नदीचं लिहितो. तिच्या खालच्या टप्प्यात नदी आटून काठची पॉप्लरची जंगलं वाळत चालली होती, २००० पासून दाशीहायझी जलाशयातून मुद्दाम पाणी सोडायला लागले, तैतेमा तलावात परत पाणी आलं. आधी काठची भूजल पातळी वर आली, मग झाडं पालवली, आणि हा परिणाम नदीजवळ जास्त, लांब जाल तसा कमी होत गेला. त्याच खोऱ्यात वरच्या बाजूला कापूस वाढला आणि तोही हिरवाच. एनडीव्हीआयला पॉप्लर आणि कापूस दोघं सारखेच, आणि एकाने पाणी घेतलं म्हणूनच दुसरा वाळत होता! म्हणून लुणीवर नदीपासूनच्या अंतराने पट्टे पाड, ५०० मीटर, १ किमी, २ किमी असे, आणि प्रत्येक पट्ट्याचा मेचा ट्रेंड वेगळा दे. खोऱ्याची एकच सरासरी देऊन कोणाचंच भलं होत नाही.

गणेशखिंड_जीआयएस

बापरे, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. विहीरकाका, तो एकाच आलेखावरचा मुद्दा आजच करायला घेते. दोन गोष्टी अजून विचारते, आरएसईआय पूर्ण टाकून देऊ का? आणि सेंटिनेल-२ घेऊन बघितलं तर २०२२ च्या सुरुवातीपासून एनडीव्हीआय एकदम खाली बसलाय, सगळ्या खोऱ्यात एकसारखा, अगदी ओलिताच्या शेतातसुद्धा, आणि त्या वर्षी तर राजस्थानात पाऊस चांगला होता.

पिक्सेल_पाषाण

सगळ्या खोऱ्यात एकसारखा खड्डा म्हणजे निसर्ग नाही, डेटा आहे. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रोसेसिंगमध्ये प्रत्येक बँडच्या (प्रकाशाच्या एकेका पट्ट्याच्या) आकड्यात १००० मिळवले जातात. एनडीव्हीआय म्हणजे निअर इन्फ्रारेड आणि रेड यांचा फरक भागिले त्यांची बेरीज. समज आधी रेड २००० आणि निअर इन्फ्रारेड ३००० होतं, तर एनडीव्हीआय ०.२. आता तेच रान ३००० आणि ४००० म्हणून येतं, फरक तोच पण बेरीज मोठी, एनडीव्हीआय ०.१४. वाळवंटात मुळात ०.२ च्या आसपासच सगळा खेळ असतो, त्यामुळे एवढ्याने अख्खं खोरं खराब झाल्यासारखं दिसतं. गूगलच्या अर्थ इंजिनमध्ये हार्मोनाइज्ड नावाचं कलेक्शन आहे ते घे, त्यात हे १००० आधीच वजा केलेले असतात.

लँडसॅटमध्येही अशा जागा आहेत. त्याच्या डेटाच्या कलेक्शन २ या आवृत्तीचे कच्चे आकडे तसेच वापरायचे नसतात, ०.००००२७५ ने गुणून ०.२ वजा करायचे, नाहीतर एनडीव्हीआय चुकतो. लँडसॅट ७ च्या चित्रांत ३१ मे २००३ पासून डेटा नसलेले रिकामे पट्टे आहेत. लँडसॅट ५ वर रेकॉर्डरच नव्हता, स्टेशनला थेट पाठवायचं, त्यामुळे आपल्याकडचे सीन (उपग्रहाची चित्रं) काही वर्षांत विरळ, आणि २०११ च्या नोव्हेंबरात त्याचं काम थांबलं, म्हणजे २०१२ साठी तुझ्याकडे फक्त पट्टेवालं लँडसॅट ७. लँडसॅट ८ चा सेन्सर वेगळा आहे, त्याचा एनडीव्हीआय किंचित जास्त येतो, २०१३ नंतर ७ आणि ८ दोन्ही चालू होते त्या काळातले जवळच्या तारखांचे सीन घेऊन आधी जुळवून घे. हे केलं नाही तर २०१३ पासूनची वाढ कॅमेऱ्याची आहे की बाभळीची ते सांगता येणार नाही.

आणि मेच्या सीनसाठी एनडीव्हीआयसोबत एसएव्हीआय (मातीचा परिणाम कमी करणारा तसाच इंडेक्स) पण काढ. उघडी वाळू जास्त असते तिथे एनडीव्हीआय मातीच्या रंगाने हलतो, अवकाळी पावसाने माती ओली होऊन गडद झाली तरी आकडा वर जातो आणि झाड एकही वाढलेलं नसतं.

आरएसईआयबद्दल माझं मत स्पष्ट आहे, तुझ्या प्रश्नासाठी तो चुकीचा आहे. ओलिताचं शेत त्याच्या चारही घटकांत पहिलं येतं, हिरवं, ओलं, थंड आणि उघडी माती कमी. बाभळीची जाळीही तशीच वर येणार. म्हणजे ज्या दोन गोष्टी तुला वेगळ्या काढायच्यात त्यांनाच तो एकत्र करून 'उत्तम' शिक्का मारतो. त्यात तू प्रत्येक वर्षाचा पीसीए (चार घटक एकत्र करून एक आकडा काढायची गणिती रीत) वेगळा केला असशील तर घटकांचं वजन दरवर्षी बदलतं, कधी चिन्हही उलटतं, आणि वर वर्षावर्षाचं शून्य ते एक असं नॉर्मलायझेशन, मग २००५ चा ०.६ आणि २०२० चा ०.६ यांची तुलनाच होत नाही. ठेवायचाच असेल तर पाण्याचे पिक्सेल काढून, सगळी वर्षं एकत्र करून एकदाच पीसीए कर.

सुप्याचं_माळरान

मी रिमोट सेन्सिंगवाला नाही, बारामती तालुक्यात सुप्याजवळ राहतो आणि गवताळ माळ, पक्षी यांच्यावर आम्ही काहीजण काम करतो. धागा वाचून राहवलं नाही. वर सगळेजण हिरवं कुठलं चांगलं आणि कुठलं वाईट यावर बोलताय ते पटलं, पण तपकिरी पण चांगलं असतं हे कोणीच लिहिलं नाही.

आमच्याकडे मयूरेश्वर अभयारण्याचा माळ आहे, पाऊस साधारण ५०० मिमीच्या आतबाहेर. पावसाळ्यात गवत, दिवाळीनंतर सगळं पिवळं, आणि मेमध्ये बघाल तर काडी आणि मुरूम. तुमच्या मेच्या नकाशावर ते एकदम ओसाड दिसणार. पण चिंकारा, खोकड आणि चंडोल, धाविक या पक्ष्यांना असंच उघडं रान लागतं, हजारो वर्षं ते असंच आहे. आता आजूबाजूच्या माळावर खड्डे काढून गिरिपुष्प लावलं की नकाशावर हिरवं वाढतं, टेबलावर बसलेल्याला वाटतं ओसाड जमीन सुधारली, आणि इकडे धाविक अंडी घालायला जागा शोधत फिरतो. धनगरांची मेंढरं पण त्या माळावरून उठतात. लुणीच्या काठी गोचर (गायरान) आणि गवताळ रान असेलच, तिथे मेमध्ये हिरवं वाढणं हा मला नुकसानीचा पुरावा वाटतो. सप्टेंबरमध्ये हिरवं, मेमध्ये कोरडं, असं जे रान वर्षानुवर्षं टिकून आहे त्याला तुमच्या नकाशात स्वतःचा वेगळा रंग द्या, कृपा करून 'खराब' मध्ये टाकू नका.

अजून एक आमच्या शेजारचं, पुरंदरमध्ये सीताफळाच्या बागा उन्हाळ्यात पानगळ होऊन नुसत्या काटक्या दिसतात, बाग मेली असं वाटेल, पण जिवंत असते. त्यामुळे झाड म्हणजे उन्हाळ्यात हिरवं हेही सगळीकडे लागू नाही.

ताई, राजस्थानला जायच्या आधी इकडे एक चक्कर मारा. दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, मोरगाव करत सुप्याला आलात की कऱ्हेचं खोरं वरून खालपर्यंत बघून होतं, एकाच रस्त्यावर अंजीर-सीताफळाच्या बागा, नाझरे धरण, पुढे ऊस, पात्रातली वेडी बाभूळ आणि हा माळ, सगळं मिळेल. वाळवंट नाही पण तुमची तीन महिन्यांची रीत खरी उतरते का ते कळेल. मी बरोबर येईन.

गणेशखिंड_जीआयएस

सुपेवाले दादा, नक्की येते, मैत्रिणीलाही आणते. आणि तुमचा मुद्दा मॅडमना आत्ताच मेसेज केला, कारण माझ्या नकाशाच्या वर्गीकरणात "सप्टेंबरमध्ये वर, मेमध्ये खाली आणि स्थिर" असा क्लासच नव्हता, तो सरळ 'कमी आच्छादन' मध्ये जात होता. आता क्लास असे करते, पावसावरचं शेत, ओलीत, सलग काटेरी झाडोरा, शेतातली सुटी झाडं, आणि हंगामी गवत. फील्डला पॉइंट कसे घ्यायचे तेवढं कोणीतरी सांगा.

पिक्सेल_पाषाण

बांधावर उभं राहून पॉइंट घेऊ नकोस, बांधाच्या दोन बाजूंना दोन पिकं असतात आणि पिक्सेल दोन्हीकडचं घेतो. किमान ९० बाय ९० मीटर एकसारखं रान दिसलं तरच मधोमध जाऊन पॉइंट घे, म्हणजे जीपीएस थोडा सरकला तरी पिक्सेल त्याच रानात राहतो. चारही दिशांना एकेक फोटो आणि एक खाली जमिनीचा, कारण आच्छादन किती आणि माती किती हे नंतर त्या खालच्या फोटोवरूनच ठरतं. आणि नोंदवहीत 'झाडं' असा एकच शब्द लिहू नकोस, कुठलं झाड ते लिही, ओळखता आलं नाही तर फांदीचा जवळून फोटो काढ आणि इथे टाक, मारवाडातले ओळखून देतील.

मारवाडातला_मराठी

टाक टाक. काट्याचा फोटो नीट घे, खेजडीचा काटा छोटा आणि दांडीवर विखुरलेला असतो, विलायतीचा लांब आणि पानाच्या बगलेतून जोडीने येतो. आणि बूट जाड तळव्याचे घाल.